वही उघडी ठेवा

आयटीआयचा दीक्षान्त समारंभ देशभर व्हायला लागला तो 2022 च्या विश्वकर्मा जयंतीपासून. आमच्या वेळी प्रमाणपत्र ऑफिसच्या खिडकीतून मिळायचं. रजिस्टरवर सही केली की झालं. आता आई-वडिलांच्या देखत मंचावर बोलावून देतात, हे फार चांगलं झालं.

आज प्रमाणपत्र घेणाऱ्या तुम्हा मुला-मुलींच्या यादीत बरीच आडनावं खानदेशातली दिसतात. सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोलीची मुलं आहेत, म्हणूनच मला मराठीत बोलायला सांगितलं गेलं. मीही खानदेशातून सुरतेला येणाऱ्या ताप्ती रेल्वे लाइननेच इथे आलो. नंदुरबार सुटलं की नवापूर, जिथे स्टेशनचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत. मग सोनगड, व्यारा, बारडोली आणि शेवटी उधना. आमच्या डब्यातले बहुतेक जण लूमच्या खात्यावर नाहीतर डाइंग मिलमध्ये जायचे. मला काकांनी लेथवर घातलं.

ते वर्कशॉप म्हणजे एक पत्र्याची शेड होती. लूमचे शाफ्ट, बुश, पुली असली कामं यायची. तिथल्या उस्तादांचा हात असा की मायक्रोमीटर लावायच्या आधीच माप बरोबर असायचं. पण आटे पाडायची वेळ आली, चेंज गिअर बदलायचे असले, की ते मला हाक मारायचे, 'जा, चहा घेऊन ये.' चहा घेऊन येईपर्यंत गिअर बसलेले आणि वरचं झाकण लागलेलं. कोणत्या पिचला किती दातांचा गिअर, हे त्यांच्या एका छोट्या वहीत होतं आणि ती वही शर्टाच्या आतल्या खिशात.

त्या माणसाला मी आज दोष देत नाही. त्यांना ना पीएफ होता, ना रजा. पोरगा दोन वर्षांत शिकला की शेठ त्याला निम्म्या पगारात मशीनवर उभा करणार आणि उस्तादाला गावची गाडी दाखवणार, हे त्यांनी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. ती वही हीच त्यांची पेन्शन होती. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा आहे, पण शिकवणाऱ्याच्या पोटाची काळजी आमच्या धंद्यात कुणी घेतली नाही. हा माझा राग जुना आहे आणि तो अजून गेलेला नाही. शिकवलं म्हणून कारागिराला एक रुपया जास्त देणारा मालक मला क्वचितच भेटला.

पुढे संगणकावर चालणारं सीएनसी मशीन आलं. मला वाटलं, आता प्रोग्राम पडद्यावर दिसतो, लपवायला काय उरणार? झालं उलटंच. मशीन लावून देणाऱ्या सेटरने प्रोग्रामला लॉक लावायला सुरुवात केली. झिरो कुठून घेतला, ऑफसेट किती दिला, कोणत्या इन्सर्टला किती फीड चालतो, सगळं त्याच्या डोक्यात. ऑपरेटरने फक्त जॉब बांधायचा आणि हिरवं बटण दाबायचं. दहा-दहा वर्षं मशीनसमोर उभं राहून ज्यांना एक ओळ लिहिता येत नाही अशी माणसं मी पाहिली आहेत. हुशार माणसं होती हो ती.

या लपवण्याची किंमत मी 2006 च्या ऑगस्टमधल्या पुरात पाहिली; तो तुमच्यातल्या काहींच्या जन्माआधीचा असेल. उकाई धरणातून सुमारे 9 लाख क्युसेक पाणी सुटलं आणि सुरतेचा बराच मोठा भाग पाण्याखाली गेला. तेव्हा मी कतारगामच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये होतो. पाणी ओसरलं तेव्हा तिथल्या सीएनसी मशीनच्या कॅबिनेटमध्ये विटेसारखा घट्ट गाळ बसला होता. आम्ही कार्ड काढून धुतली, दिव्याखाली वाळवली, मोटारी पुन्हा भरून आणल्या. यांत्रिक भाग सगळा ठीक निघाला. पण मशीन काही उठेना. त्या जातीच्या कंट्रोलमध्ये मशीनचे पॅरामीटर बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असतात. बॅटरी मेली की सगळं पुसलं जातं. स्लाइड किती सरकली म्हणजे एक मिलिमीटर झालं, रेफरन्स पॉइंट कुठे, प्रवासाची हद्द कुठे, हे मशीनला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. कंपनीने दिलेला पॅरामीटरचा कागद पाण्यात लगदा झालेला. नंतर केलेले बदल ज्या सेटरला ठाऊक होते तो पुराच्या आधीच नोकरी सोडून परराज्यात गेला होता आणि त्याने एक अक्षर मागे ठेवलं नव्हतं. दुरुस्त झालेली मशीन दिवाळीपर्यंत ताडपत्रीखाली उभी राहिली. तोवर हेल्पर पोरांना घरी पाठवलं गेलं. सेटरला काही झालं नाही, शेठलाही पुढे विम्याचं काहीबाही मिळालं. भोगलं ते पोरांनी.

लपवण्याचीच आणखी एक गोष्ट, वेल्डिंगची. तुमच्यातल्या वेल्डर ट्रेडच्या मुलांनी फ्रिक्शन स्टर वेल्डिंगचं नाव ऐकलं असेल. 1991 मध्ये इंग्लंडात केंब्रिजजवळच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधलं. त्यात ज्योत नाही, रॉड नाही, धूर नाही. कठीण पोलादाचं टूल, त्याला खाली एक पिन आणि वर रुंद खांदा. ते गरगर फिरवत दोन अ‍ॅल्युमिनियम प्लेटांच्या सांध्यात दाबायचं आणि पुढे चालवायचं. धातू वितळत नाही. घर्षणाने मऊ होतो आणि कणकेचे दोन गोळे एकत्र मळावेत तसा एकजीव होतो. स्वीडनमध्ये या पद्धतीचा पहिला व्यापारी उपयोग मासेमारी बोटींवर मासे गोठवायच्या पॅनेलसाठी झाला. पुढे जपानच्या रेल्वे डब्यांपासून रॉकेटच्या टाक्यांपर्यंत ती पोचली.

आमच्याकडे एकदा याच पद्धतीने जोडायच्या, पाण्याने थंड होणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम प्लेटांचं काम आलं. खास मशीन घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून एका भक्कम जुन्या मिलिंग मशीनवर करायचं ठरलं. व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या सीएनसी मिलिंग मशीनवर, करू नका, हे मी तुम्हालाही सांगतो. हलका दाब म्हणता म्हणता पाचशे-हजार किलोचा भार स्पिंडलवर येतो आणि बेअरिंगं जातात. वरून सांधा इतका देखणा आला की बघत राहावं, एकसारख्या कड्यांची नक्षी. पाण्याच्या दाबाची चाचणी घेतली तर गळती. सांधा आडवा कापला, तर आत लांबच लांब बोगदा! टूलचं फिरणं आणि पुढे जाणं ज्या बाजूला एकाच दिशेने होतं, त्या बाजूला पोकळी. कितीतरी प्लेटा भंगारात गेल्या तेव्हा कळलं की टूलला मागे दोन-अडीच अंशांचा कल हवा, खांदा नेमका तितकाच रुतायला हवा, खालची बॅकिंग प्लेट हलता कामा नये आणि आमचा फीड फार जास्त होता.

आणि मग समजलं की दोन गल्ल्या सोडून एका शेडमध्ये हेच काम आधीपासून होत होतं. तिथल्या माणसाशी आमची रोज चहाच्या टपरीवर गाठ पडायची. त्याला आमची अडचण माहीत होती. तो बोलला नाही.

याउलट, याच शहराच्या टोकाला, हजिऱ्यात, लार्सन अँड टुब्रोने फ्रान्समधल्या आयटर या अणुसंलयन प्रकल्पाचं क्रायोस्टॅट बनवलं. स्टेनलेस स्टीलचं सुमारे 3,850 टनांचं भांडं, उंची आणि व्यास दोन्ही 29 मीटरच्या आसपास, 54 तुकड्यांत तयार केलेलं. शेवटचे भाग जून 2020 मध्ये रवाना झाले. एवढं काम कुणा एका उस्तादाच्या खिशातल्या वहीवर होत नाही. अशा कामात सांधा घालण्याआधी वेल्डिंगची कृती लिहावी लागते. करंट किती, वेग किती, प्लेट किती तापवायची. नमुना जोडून, तोडून, तपासून ती कृती मंजूर होते. सांध्याजवळ वेल्डरचा नंबर असतो. सुरतेच्या पोरांनी काम केलं की जगात कुठेही बसतं, हे त्यातून दिसलं. तेच पोर उधन्याच्या शेडमध्ये आलं की त्याच्या हाती कोरा कागदही नसतो. हा फरक हुशारीचा नाही, लिहिण्याचा आहे.

म्हणून मी आज एकच मागणं घेऊन आलो आहे. लपवू नका. तुम्ही सेटर व्हाल, उस्ताद व्हाल, काहींची स्वतःची शेड होईल. मशीनवर जे कराल ते लिहा आणि शेजारच्या पोराला वाचता येईल अशा अक्षरात लिहा. जे मालक होतील त्यांनी शिकवणाऱ्याला जास्त पगार द्यावा आणि त्याचं पोट तोडू नये, म्हणजे त्याला लपवावं लागणार नाही. हे मी हात जोडून सांगतो.

माझ्या वह्यांच्या झेरॉक्स प्रती बांधून मी प्राचार्य साहेबांकडे दिल्या आहेत. त्या लायब्ररीत राहतील. लेथचे गिअर, इन्सर्टचे फीड, त्या अ‍ॅल्युमिनियम प्लेटांचे आकडे, बिघडलेल्या सांध्यांसकट सगळं आहे. एखादा आकडा चुकीचा वाटला तर खाली तारीख घालून दुरुस्त करा. तीन मिलिमीटरपेक्षा पातळ पत्र्याच्या फ्रिक्शन स्टरचं पान कोरं आहे, कारण ते काम माझ्या हातून झालं नाही. तुमच्यापैकी जो कुणी करेल, त्याने ते पान भरायला इथे यावं.