मासे येण्याआधीची अ‍ॅडव्हान्स पार्टी

तीस वर्षं पायदळात काढून मी सिकंदराबादला स्थायिक झालो. आज मी युद्धावर बोलणार नाही. बोलणार आहे फिश टँकवर, आणि सुरुवात माझ्या एका पराभवापासून करतो.

निवृत्तीनंतर सात वर्षांच्या नातीसाठी दोन फुटी टाकी आणली. त्याच दिवशी दुकानदाराने आठ मासेही पिशवीत घालून दिले. संध्याकाळी टाकी भरली, दिवा लावला, मासे सोडले. घर खूश! चौथ्या दिवशी पहिला मासा गेला, नवव्या दिवशी शेवटचा. नात म्हणाली, "आजोबा, पाणी तर स्वच्छ होतं ना?"

होतं. अगदी आरपार दिसत होतं. तरीही ते विषारी होतं. आणि ज्या माणसाने आयुष्यभर जवानांना सांगितलं की दिसायला स्वच्छ पाणी पिण्यालायक असेलच असं नाही, त्याला हे कळू नये, याची मला लाज वाटली.

फौजेत पलटण नव्या ठिकाणी जाते तेव्हा आधी अ‍ॅडव्हान्स पार्टी जाते. जागा बघते, पाण्याची सोय करते, शौचालयांचे खड्डे खणते. मग पलटण येते. मी पलटण आधी पाठवली होती आणि खड्डे खणलेच नव्हते.

मासा पाण्यातच खातो, पाण्यातच श्वास घेतो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांचे कल्ले जाळतो. निसर्गात एक प्रकारचे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य, आणि पाणी बदललं की कमी होतं. विनोग्राद्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास हे काम जिवाणूंचं असल्याचं सिद्ध केलं. हे जिवाणू म्हणजे आपली सफाई पलटण. नव्या टाकीत ती जवळपास नसतेच. ती उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

आता कामाचं बोलू. दुसऱ्या वेळी मी काय केलं ते क्रमाने सांगतो.

पहिलं, जागा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे 54 लिटर पाणी मावतं. म्हणजे 54 किलो, वर काच आणि खडी. डुगडुगणाऱ्या टेबलावर ठेवू नका. खाली थर्माकोलची शीट घाला आणि टाकी समतल आहे ना ते बघा. खिडकीतलं थेट ऊन नको, शेवाळ माजतं. विजेच्या वायरीला बोर्डाच्या खाली झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता खाली ठिबकेल.

दुसरं, खडी. नुसत्या पाण्याने, गढूळपणा जाईपर्यंत धुवा. साबण अजिबात नको. खडीवर थोडं व्हिनेगर टाकून बघा. फसफसलं तर तिच्यात चुना आहे आणि ती पाणी जड करेल.

तिसरं, पाणी. फौजेत आम्ही पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकायचो. तो क्लोरीन जवानाला वाचवतो, पण माशाला आणि आपल्या जिवाणूंना मारतो. नळाचं पाणी पसरट भांड्यात एक दिवस उघडं ठेवलं तर साधा क्लोरीन निघून जातो. क्लोरामाइन मात्र तसं जात नाही. म्हणून दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालणं बरं. बोअरवेलचं पाणी असेल तर क्लोरीन बहुधा नसतो, पण ते बऱ्याचदा जड असतं. अशा पाण्यात गप्पी, मॉली मजेत राहतात.

चौथं, आणि इथेच सगळे घाई करतात. फिल्टर चालू करा आणि मासे आणू नका! मी रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाकायचो. आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, भुताला जेवायला घालताय का?" ते खाणं कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंना तोच आहार. कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा. काम लवकर होतं. जुनं पाणी आणून फारसा उपयोग नाही. जिवाणू पाण्यात कमी, स्पंज आणि खडीवर जास्त राहतात. फिल्टर चोवीस तास चालू ठेवा. त्यांना प्राणवायू लागतो. वीज वारंवार जात असेल तर फिल्टर इन्व्हर्टरवर घ्या.

पाचवं, तपासणी. अमोनिया आणि नायट्राइटचं टेस्ट किट घ्या. नातीने वहीत रोज नोंद ठेवली. आधी अमोनिया चढला, मग उतरू लागला आणि नायट्राइट चढलं. तिसऱ्या आठवड्यात ती कंटाळली. "आजोबा, अजून किती?" मी म्हटलं, "बाळा, वही सांगेल तेव्हा." चौतिसाव्या दिवशी दोन्ही शून्य, आणि पुढचे तीन दिवस खाणं टाकूनही शून्यच. सफाई पलटण हजर झाली होती.

मग अर्धं पाणी बदललं आणि पाचच गप्पी आणले, सगळे नर. नाहीतर दोन महिन्यांत टाकी भरली असती. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवली, म्हणजे तापमान सारखं होतं. मासे जाळीने सोडले, पिशवीतलं पाणी ओतून दिलं. पुढचे मासे दोन आठवड्यांनी.

एक शेवटची सूचना. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा. नाहीतर महिनाभर उभी केलेली पलटण पाच मिनिटांत गारद होईल.

पहिल्या आठ माशांचा जीव माझ्या घाईने गेला. तुमच्या घरी कुणी मूल टाकीसाठी हट्ट करत असेल तर टाकी आजच आणा, पण मासे आणू नका. आधी त्याच्या हातात वही द्या.

जय हिंद.