मुलांना गप्प करणारी औषधे

(तळवली येथे कार्यकर्ते व पालक यांच्या सभेत एका डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



पक्षाच्या सभेत औषधांविषयी बोलण्यासाठी एका डॉक्टरला का बोलावले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. मला तो पडला नाही. ज्या औषधांविषयी मी बोलणार आहे, ती माणसाला शांत करण्यासाठी दिली जातात. कोणी कोणाला, कशासाठी आणि कोणाच्या सोयीसाठी शांत केले, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा कधीच नसतो. त्यातून शांत केले जाणारे जर लहान मूल असेल, तर त्याच्या वतीने तो प्रश्न विचारण्याची जबाबदारी आपल्यावरच येते.

एका अनुभवापासून आरंभ करतो. काही वर्षांपूर्वी याच ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एक बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला रात्री माझ्याकडे घेऊन आली. मुलाची मान एका बाजूला पिळली गेली होती, बुबुळे वर चढली होती, जीभ बाहेर येत होती. बोलता येत नव्हते. पण मूल पूर्ण शुद्धीवर होते आणि भीतीने रडत होते. घरातले कोणी धनुर्वात म्हणत होते, कोणी फीट. शेजारणीने लिंबू उतरवून टाकले होते. "डॉक्टर, पोराला बाहेरचं काही लागलंय का हो?" असे आईने विचारले. मी तिला विचारले, "बाई, आज याला कुठली सुई दिली होती का?" तेव्हा कळले की सकाळी उलट्या झाल्या म्हणून एका दवाखान्यात इंजेक्शन दिले होते. कोणते, ते ठाऊक नाही. चिठ्ठी नाही, कागद नाही. लक्षणांवरून मी अंदाज केला आणि उताऱ्याचे औषध दिले. अर्ध्या तासाच्या आत मान सरळ झाली आणि मुलाने पाणी मागितले.

बाहेरचे काही लागले नव्हते. लागले होते ते औषधच.

उलटी थांबवणारी प्रोक्लोरपेराझीन, मेटोक्लोप्रामाइड यांसारखी औषधे आणि वेड्यांच्या इस्पितळात वापरली जाणारी क्लोरप्रोमॅझीन, हॅलोपेरिडॉल यांसारखी औषधे मेंदूतील एकाच ठिकाणी घाव घालतात, हे फार थोड्या पालकांना माहीत असते. मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य निरोप पोहोचवण्याचे काम करते. ही औषधे त्याची वाट अडवतात. त्यामुळे भ्रम ओसरतो, उलटी थांबते, हा त्यांचा गुण. परंतु हातपाय, मान, जीभ, डोळे यांच्या हालचालींचा तोल राखण्याचे कामही डोपामिनच करते. वाट अडली की तो तोल ढळतो. मुलांत आणि तरुणांत स्नायू असे अकस्मात पिळवटण्याचा धोका प्रौढांपेक्षा अधिक असतो, आणि बहुधा पहिल्या एकदोन दिवसांतच तो दिसतो.

या औषधांच्या इतिहासात आपल्या देशाचाही वाटा आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयीचा निबंध ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. तिच्यातून काढलेले रेसरपीन पुढे मनोरुग्णांनाही दिले जाऊ लागले. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझीनचा प्रयोग झाला. साखळदंडांतून आणि कोंडवाड्यांतून रुग्ण बाहेर आले ते या औषधांमुळे, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. मात्र थोड्याच वर्षांत रुग्णांचे हात कापू लागले, चेहरे निर्विकार झाले, पावले घसटू लागली. दीर्घकाळ औषध घेतलेल्या काहींचे ओठ व जीभ सतत आपोआप हलू लागली आणि औषध थांबवल्यावरही ती हालचाल थांबेना.

यातील एक परिणाम मुलांच्या बाबतीत विशेष क्रूर आहे. औषधामुळे आतून अशी तगमग सुरू होते की मूल एका जागी बसू शकत नाही. ते येरझाऱ्या घालते, चिडते, रडते. आपल्याला काय होते आहे हे सांगण्याइतके शब्द त्याच्याजवळ नसतात. सांभाळणाऱ्यांना वाटते, मूल अधिकच बिघडले; आणि औषधाची मात्रा वाढवली जाते. औषधाने निर्माण केलेला त्रास मुलाच्या स्वभावाच्या खात्यावर मांडला जातो!

हे कोणाच्या वाट्याला येते? ज्यांच्याजवळ वेळ नाही, पैसा नाही आणि प्रश्न विचारण्याची ताकद नाही, त्यांच्या मुलांच्या. गेल्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देऊन कामावर जात. त्या आया निर्दय नव्हत्या. पाळी चुकली तर मजुरी बुडे आणि मूल ठेवायला जागा नसे. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला, १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची तरतूद आली. बाळागोळीवरचा खरा उतारा होता तो हाच. पण घरकाम करणारी, कंत्राटावर झाडू मारणारी, नाक्यावर उभी राहणारी बाई त्या तरतुदीच्या बाहेरच राहिली.

आपल्या तळवलीचेच पाहा. शेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणारा हा सारा परिसर. आधी औद्योगिक वसाहत आली, १९७० साली सिडको स्थापन झाली, जमिनी गेल्या. जमिनीच्या मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात पाच जणांनी प्राण दिले. जमिनीबरोबर अंगण गेले आणि अंगणात दहा घरची पोरे सांभाळणारी आजीही एका खोलीत बंद झाली. अशा खोलीत रात्रपाळी करून आलेला बाप झोपलेला असतो आणि खोकणारे पोर रडत असते. मग झोप आणणारे सरबत एक चमचा जास्त दिले जाते. अशा कित्येक सरबतांत असणाऱ्या प्रोमेथाझीनने दोन वर्षांखालील मुलांचा श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ सालीच दिला आहे.

संस्थांत वाढणाऱ्या मुलांची स्थिती तर याहून बिकट. सांभाळणाऱ्यांची सोय हेच जेथे उपचाराचे कारण ठरते तेथे काय होते, हे १९९४ साली महाराष्ट्राने पाहिले आहे. शिरूरच्या वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रियेने काढण्यात आली होती. शस्त्रक्रियेची निदान बातमी होते. रोजच्या गोळीची होत नाही. समृद्ध अमेरिकेतही वेगळे चित्र नाही. तेथील सरकारी लेखापरीक्षकांनी २०११ साली पाच राज्ये तपासली, तेव्हा सरकारी आश्रयाखालील मुलांना इतर गरीब मुलांपेक्षा मनोविकारांची औषधे अधिक प्रमाणात दिली जात असल्याचे आढळले. रिस्पेरिडोनसह काही औषधांचा मान्यतेपलीकडे, मुलांसाठीसुद्धा, प्रचार केल्याच्या आरोपांची तडजोड करण्यासाठी जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने २०१३ साली २२० कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजण्याचे कबूल केले. नफ्याला वयाची मर्यादा नसते, साथींनो.

मग या औषधांवर बहिष्कार घालायचा काय? मुळीच नाही. तीव्र मनोविकाराने होरपळणाऱ्या मुलाला त्यांची गरज असते. ज्यांची मुले ही औषधे किंवा फीटची औषधे नियमित घेत आहेत, त्यांनी माझे भाषण ऐकून ती एकाएकी बंद करू नयेत. त्यातून मोठा अपाय होईल. डॉक्टरांना विचारा, मात्र विचाराच. औषधाचे नाव काय, कशासाठी, किती दिवस, आणि कोणते लक्षण दिसले तर धावत यायचे, हे चार प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

उलट्या-जुलाब झालेल्या बहुतेक मुलांना सुईची नव्हे, मीठसाखरपाण्याची गरज असते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी क्षारसंजीवनीच्या बळावर असंख्य प्राण वाचवले. चमच्याचमच्याने पाजत राहिले की उलटी होणारे मूलही ते पचवते. मेटोक्लोप्रामाइड एक वर्षाखालील मुलांना देऊ नये, मोठ्यांनाही पाच दिवसांपलीकडे देऊ नये, असे युरोपच्या औषध संस्थेने २०१३ सालीच बजावले आहे.

आता कार्यकर्त्यांचे काम. प्रत्येक दवाखान्यात सुईचे नाव कागदावर लिहून मिळालेच पाहिजे, असा आग्रह वस्तीवस्तीत धरा. औषधाने अपाय झाला तर त्याची नोंद करण्यासाठी २०१० पासून राष्ट्रीय योजना आहे; तिचा १८००-१८०-३०२४ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक शाखेच्या फलकावर लिहा. रुग्णाचे नातेवाईकही तेथे तक्रार नोंदवू शकतात. मुलांच्या वसतिगृहांना भेट द्याल तेव्हा स्वयंपाकघराबरोबर औषधांचे कपाट आणि नोंदवहीही पाहण्याची मागणी करा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कंत्राटी व घरकामगार बायांसाठी पूर्ण पाळीभर चालणाऱ्या पाळणाघरांची लढाई हाती घ्या. औषधांचा गैरवापर नुसत्या उपदेशाने थांबणार नाही. आईच्या हाताला विसावा मिळेल, तेव्हाच तिच्या हातातला चमचा खाली येईल.

त्या रात्री ती बाई जाताना म्हणाली, "मला वाटलं, माझंच काही चुकलं." साथींनो, तिचे काहीही चुकले नव्हते. हे तिच्यासारख्या प्रत्येक आईला घरी जाऊन सांगणे, एवढे काम आपण आजच्या सभेतून घेऊन गेलो, तरी माझे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.