झोपेंतील श्वास आणि घरची सोबत

घोरणें हा आपल्या घराघरांतून चेष्टेचा विषय आहे. लग्नघरीं पाहुण्यांच्या पथाऱ्या पडल्या कीं रात्रीं कोण घोरलें आणि कोणामुळें कोणाची झोप मोडली, याची चर्चा सकाळच्या चहाबरोबर रंगते. घोरणाऱ्यास कुंभकर्ण म्हणावयाचें आणि त्याला झोप कशी गाढ लागते म्हणून त्याचा थोडा हेवाही करावयाचा, अशी आपली रीत आहे. परंतु घोरण्याचा आवाज मध्येंच अगदीं बंद पडतो, दहा-वीस सेकंद श्वासाची चाहूलही लागत नाहीं, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा आवाज होऊन श्वास पुन्हां सुरू होतो, तेव्हां ती गाढ झोप नसून एक विकार असूं शकतो, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. या विकारास डॉक्टर लोक स्लीप ॲप्निया म्हणतात; आपण त्यास निद्राश्वासरोध म्हणूं. त्यावरील उपचाराचें यंत्र घरांत आल्यावर पतीनें पत्नीस आणि पत्नीनें पतीस सोबत कशी करावी, एवढ्यापुरतेंच मी आज बोलणार आहें.

मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शाळांतून मुलांना बाराखडी शिकविण्यांत जन्म घालविलेला मी एक निवृत्त मास्तर. माझ्या कुटुंबास गेलीं तीन वर्षें हा उपचार चालू आहे. डॉक्टरांनीं समजावून दिलेलें आणि घरांत प्रत्ययास आलेलें, तेवढेंच मी सांगतों.

प्रथम विकार काय तो पाहूं. झोपेंत शरीराचे स्नायू सैल पडतात, तसे घशाचेही पडतात. कांहीं माणसांचा घसा त्यामुळें इतका मिटतो कीं छाती धडपडत असूनही हवा आंत जात नाहीं. रक्तांतील प्राणवायु कमी होतो, मेंदू सावध होऊन क्षणभर जाग आणतो, घसा उघडतो. आणि डोळा लागतांच पुन्हां तेंच चक्र सुरू होतें. असे व्यत्यय तासाला पांच ते पंधरा आले तर विकार सौम्य, पंधरा ते तीस आले तर मध्यम आणि तिसांच्या वर गेले तर तीव्र मानतात. तीव्र विकाराच्या माणसाचा श्वास सात तासांच्या झोपेंत दोनशेंहून अधिक वेळां अडखळतो, आणि सकाळीं त्याला त्यांतील एकही वेळ आठवत नाहीं. आठवतें तें एवढेंच कीं डोकें जड आहे, तोंड कोरडें आहे आणि आठ तास निजूनही निजल्यासारखें वाटत नाहीं. दिवसा पेंग येते, चिडचिड वाढते, रक्तदाब चढा राहतो. मोटार चालवितांना लागलेली एक डुलकी तर जिवावर बेतूं शकते.

हा विकार परदेशचा किंवा श्रीमंतांचा आहे असें कोणीं समजूं नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांत डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनीं ३५ ते ६५ वर्षें वयाच्या पुरुषांची पाहणी करून ती २००४ सालीं प्रसिद्ध केली. तींत झोपेंत श्वास अडखळण्याचें प्रमाण शेंकडा साडेएकोणीस, आणि त्याबरोबर दिवसा पेंग येणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा साडेसात असें निघालें. पुढें १५ फेब्रुवारी २०२२ रोजीं प्रसिद्ध संगीतकार बप्पी लाहिरी यांचें मुंबईंत निधन झालें, तेव्हां रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं कारण म्हणून याच विकाराचें नांव सांगितलें, आणि आमच्या वऱ्हाडांतही अनेकांनीं तें प्रथमच वाचलें. मुंबईची ती पाहणी पुरुषांची होती. परंतु स्त्रियांनाही हा विकार होतो, व पाळी गेल्यानंतरच्या वयांत तो वाढतो. पुरुष घोरला तर हंसावयाचें आणि बाई घोरली तर तें बोलावयाचीही चोरी, अशी आपली स्थिति असल्यामुळें कित्येक माउल्यांचा विकार उशाशींच दडून राहतो.

येथें सहचराचें पहिलें काम येतें. ज्याचा श्वास थांबतो त्याला तें ठाऊक नसतें. शेजारीं जागा असलेला माणूस हाच एकटा साक्षीदार. त्यानें चेष्टा न करितां आणि घाबरवून न टाकतां, आठवडाभर काय दिसलें व काय ऐकूं आलें तें कागदावर लिहावें आणि छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे बरोबर जावें. नंतर रात्रभर झोपेची तपासणी होते. कांहीं रुग्णांची ती घरींही करतां येते.

उपचाराच्या यंत्रास सीपॅप म्हणतात. १९८१ सालीं ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथील डॉ. कॉलिन सुलिव्हन व त्यांचे सहकारी यांनीं पांच रुग्णांवर तें वापरून आपला निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केला. त्यापूर्वीं तीव्र विकारावर गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करणें हाच मुख्य इलाज होता. सीपॅपची कल्पना अगदीं साधी आहे. पंख्यासारखें यंत्र खोलींतीलच हवा थोड्या दाबानें नळींतून मास्कमध्यें सोडतें, आणि त्या दाबामुळें घसा मिटत नाहीं. तें प्राणवायूचें नळकांडें नव्हे, आणि अत्यवस्थ रुग्णास लावतात तें कृत्रिम श्वासाचें यंत्रही नव्हे. नात्यागोत्यांत हा गैरसमज फार असतो. यंत्र पाहतांच भेटीला आलेल्या बायका डोळ्यांना पदर लावतात. म्हणून घरांतील सर्वांस, मुलां-नातवंडांसही, हें आधींच समजावून द्यावें.

यंत्र गुणकारी खरें. पण तोंडावर मास्क बांधून निजणें सोपें नाहीं. पुष्कळ लोक पहिल्या कांहीं आठवड्यांतच कंटाळतात, आणि मग तें महागाचें यंत्र फडताळांत जाऊन बसतें. आमच्या घरीं तिसऱ्या रात्रीं मास्क काढून मंडळी उठून बसल्या व म्हणाल्या, “अहो, मले जीव कोंडल्यावानी होते. आता या वयात मी सोंड लावून निजू काय?” अशा वेळीं उपदेश करूं नये आणि डॉक्टरांचा धाकही घालूं नये. कोंडल्यासारखें वाटतें तें खरेंच वाटत असतें.

त्यावर उपाय असा कीं शिक्षण रात्रीं न देतां दिवसा द्यावें. पहिलीच्या मुलाच्या हातीं आल्या दिवशींच कित्ता देत नाहींत. आधीं त्याला पाटीवर रेघोट्या ओढूं देतात. तसेंच येथें करावें. पहिले दोन-तीन दिवस दुपारीं, गप्पा मारतांना किंवा दूरदर्शन पाहतांना, पट्टे न बांधतां मास्क नुसता हातानें नाकाशीं धरावा आणि वाटेल तेव्हां काढावा. मग यंत्र चालू करून तसाच धरावा. मग पट्टे बांधून पंधरावीस मिनिटें बसावें. मग दुपारची वामकुक्षी मास्क लावून घ्यावी. इतकें झाल्यावर रात्र जड जात नाहीं. प्रारंभीं कमी दाब देऊन तो हळूहळू वाढविण्याची सोय पुष्कळ यंत्रांत असते. ती डॉक्टरांस किंवा यंत्र देणाऱ्या तंत्रज्ञास विचारून घ्यावी. दाब मात्र आपल्या मनानें बदलूं नये.

मास्कचे मुख्य प्रकार तीन : नाकावर बसणारा, नाकपुड्यांशीं टेकणारा आणि नाक व तोंड दोन्ही झांकणारा. जो दुसऱ्यास चालतो तो आपल्यास चालेलच असें नाहीं. म्हणून दोन-तीन लावून पाहावे, आणि तेही आडवें होऊन व हवा चालू ठेवून, कारण बसल्यावरचा चेहरा आणि निजल्यावरचा चेहरा यांत फरक पडतो. आपल्याकडील अडचणी परदेशच्या पुस्तकांत सांपडत नाहींत. नाकांत चमकी किंवा मोरणी असली कीं मास्कची मऊ कड तेथें उचलली जाऊन हवा गळते. ती रात्रीं काढून ठेवावी. अंबाडा असला तर मागचा पट्टा सरकतो; निजतांना सैल वेणी घालावी. चेहऱ्यावर तेल असलें तर मास्क घसरतो. निजण्यापूर्वीं तोंड साबणानें धुवावें. पुरुषांच्या झुपकेदार मिशांखालूनही हवा निसटते. मिशी प्रिय असेल तर मास्कचा प्रकार बदलावा. हवा गळली म्हणून पट्टे करकचून आवळणें हा उपाय नव्हे. त्यानें नाकावर वळ उठतात आणि दुसऱ्या दिवशीं मास्कचा तिटकारा येतो. कांहीं मास्कना लोहचुंबकाच्या कळ्या असतात. मास्क लावणाऱ्याच्या किंवा शेजारीं निजणाऱ्याच्या शरीरांत पेसमेकर असेल तर तसा मास्क घेण्यापूर्वीं डॉक्टरांस अवश्य विचारावें.

नाक व घसा कोरडा पडूं नये म्हणून यंत्राला पाण्याची डबी असते. हिच्याविषयीं आपल्या भागांतील लोकांनीं विशेष जपलें पाहिजे. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत विहिरींचें पाणी खारट आहे. तें डबींत घातलें तर तळाशीं क्षारांचा थर बसतो. पाणी उकळल्यानें जंतु मरतात, क्षार जात नाहींत. म्हणून डिस्टिल्ड वॉटरच वापरावें, रोज उरलेलें ओतून टाकावें आणि डबी धुऊन वाळवावी. दुसरी गोष्ट कापसाची. हंगामांत घरांत कापूस साठविलेला असला किंवा जवळ जिनिंग असलें तर हवेंतील तंतू यंत्राच्या जाळीवर बसतात. ती जाळी त्या दिवसांत वरचेवर पाहून स्वच्छ करावी किंवा बदलावी. हिंवाळ्यांत गार खोलींत नळीमध्यें पाण्याचे थेंब सांचून गुडगुड होते; तेव्हां यंत्र उशीच्या पातळीहून खालीं ठेवावें आणि नळीवर कापडी खोळ चढवावी. रोज सकाळीं मास्कची मऊ कड सौम्य साबणानें धुवावी. हें काम सहचरानें आपल्याकडे घेतलें तर बोलण्यापेक्षां अधिक उपयोग होतो. रोज रात्रीं धुतलेला, सुकलेला मास्क उशाशीं तयार सांपडला कीं न लावण्याचें अर्धें कारण संपतें.

वीज गेली तर यंत्र बंद पडतें. मास्कला उच्छ्वास बाहेर जाण्याचीं छिद्रें असतात, तीं कधींही झांकूं नयेत. आणि यंत्र बंद पडतांच मास्क काढून ठेवावा. इन्व्हर्टर असेल तर यंत्र त्यावर किती वेळ चालतें हें एकदां दिवसा पाहून ठेवावें. पाणी तापविण्याची सोय बंद केली तर यंत्रास वीज पुष्कळ कमी लागते. जुनें यंत्र विकत घेतांना सावध असावें. जून २०२१ मध्यें फिलिप्स कंपनीनें आपलीं लाखों यंत्रें परत बोलाविलीं होतीं, कारण आवाज कमी करण्यासाठीं आंत बसविलेला फोम झिजून त्याचे कण श्वासावाटे जाण्याचा धोका दिसून आला.

आतां सर्वांत नाजूक गोष्ट. रात्रीं मास्क किती वेळ लावला, यावर पाळत ठेवण्याचा मोह सहचरास होतो. मध्यरात्रीं हलवून जागें करावयाचें, सकाळीं जाब विचारावयाचा, मुलाला दूरध्वनीवर तक्रार सांगावयाची, असें सुरू झालें कीं मास्क हें औषध न राहतां शिक्षा होते. वास्तविक किती तास वापर झाला याची नोंद बहुतेक यंत्रें स्वतःच ठेवतात आणि डॉक्टर ती वाचतात. मग घरांत हजेरीपुस्तक उघडण्याचें कारण काय? चार तास लावला तर चार तासांचें कौतुक करावें. उद्यां साडेचार होतील. झोपेंत मास्क निघालेला दिसला तर सायंकाळींच ठरवून ठेवलेलें असावें कीं हळूच हात लावून आठवण द्यावी कीं नाहीं. “आज दुपारीं पेंग आली नाहीं”, “आज जिना चढतांना दम कमी लागला”, असा फरक सहचरालाच आधीं दिसतो. तो बोलून दाखवावा.

सहचराची स्वतःची झोपही महत्त्वाची आहे. यंत्राचा मंद आवाज कांहीं दिवसांत कानाच्या सवयीचा होतो. हवेचा झोत आपल्याकडे येत असेल तर कूस किंवा बाजू बदलावी. निजण्यापूर्वीं मद्य आणि डॉक्टरांस न विचारतां घेतलेली झोपेची गोळी दोघांनींही वर्ज्य समजावी. तीं घसा अधिकच सैल करतात. वजन उतरल्यानें पुष्कळांस लाभ होतो, पण सडपातळ माणसासही हा विकार होतो, म्हणून ‘खाणें आवर, सगळें बरें होईल’ असा टोमणा मारूं नये. आणि इतकें करूनही मास्क मुळींच सोसत नसेल तर हार मानून घरीं बसूं नये. दाब तपासणें, मास्क बदलणें, जबडा पुढें धरणारें दांतांचें साधन, असे दुसरेही मार्ग आहेत. ते डॉक्टरांकडेच विचारावे.

श्रोतेहो, यंत्र हवा देतें आणि डॉक्टर दाब ठरवितात. परंतु रोज रात्रीं मास्क हातीं घेण्याची हिंमत या दोघांपैकीं कोणालाही देतां येत नाहीं. ती शेजारच्या उशीवरून यावी लागते. ज्यानें अनेक रात्रीं थांबलेला श्वास केव्हां सुरू होईल म्हणून अंधारांत वाट पाहिली आहे, त्याला त्या संथ, एकसारख्या श्वासाचें मोल निराळें सांगावयास नको. आज आपल्या शेजारच्या माणसाच्या झोपेकडे क्षणभर कान द्या, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.