उन्हाची सवलत आणि रात्रीचा दिवा

(औंध येथे भरलेल्या आपल्या वार्षिक ज्ञातिसंमेलनात झालेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत वधूवर-परिचय, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वसतिगृहनिधीचा हिशेब असे आपल्या नेहमीच्या जिव्हाळ्याचे विषय असताना, छपरावरील सौर पॅनेल, त्यास जोडावयाची बॅटरी आणि त्यांवर मिळणारी सरकारी सवलत अशा रूक्ष विषयावर आम्ही आपला वेळ घ्यावा, हे काहींस चमत्कारिक वाटेल. परंतु खटाव, माण व आटपाडी ह्या भागांतील आपल्या कित्येक बांधवांनी अलीकडे ह्या सवलतीच्या भरवशावर घरातील शिल्लक खर्च केली आहे, आणि त्यांपैकी काहींची निराशा झाली आहे. सवलत कशास आहे व कशास नाही, हे त्यांस वेळेवर कोणी सांगितले नव्हते. ते सांगण्याइतपतच आमचा आजचा हेतू आहे.

तसा हा विषय आपणांस परका नाही. आपल्या तेली ज्ञातीने शतकानुशतके गावाच्या रात्री उजळल्या. तीळ, करडई, भुईमूग ह्यांच्या दाण्यांत उन्हाने जे काही साठविले, ते बैलाच्या घाण्यावर काढून आपल्या पूर्वजांनी घरोघरच्या समईत आणि देवळातल्या नंदादीपात घातले. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संत संताजी जगनाडे महाराज ह्याच व्यवसायातले. दिवसाचे ऊन रात्रीसाठी राखून ठेवणे हा जर बॅटरीचा धर्म असेल, तर तो आपल्या घाण्याचाही होता, असे म्हणण्यास हरकत नाही. पुढे रॉकेल आले आणि समईचे तेल मागे पडले. त्या रॉकेलच्या युगातही ह्याच औंध संस्थानच्या भूमीवर, कऱ्हाड स्टेशनाजवळ, ओगले बंधूंचा काचेचा कारखाना 1916 साली उभा राहिला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या खेडोपाडी पोचला. कंदिलास सूर्याचे नाव मिळाले, हा योगायोग आम्हांस नेहमीच गोड वाटत आला आहे.

औंधात उभे राहून सूर्याविषयी बोलताना श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींची आठवण टाळता येत नाही. सूर्यनमस्काराचा त्यांनी देशभर प्रसार केला हे सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस मात्र त्यांची दुसरी एक गोष्ट आजच्या विषयास अधिक जवळची वाटते. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावाहून विस्थापित झाले, तेव्हा संस्थानने त्यांस कुंडलजवळच्या माळावर जागा दिली व भांडवलास हात दिला. त्यातून किर्लोस्करवाडी झाली. राज्यकर्त्याने नव्या उद्योगास प्रारंभी आधार द्यावा, हे ह्या मातीस नवे नाही. फरक इतकाच की, त्या काळी देणारा व घेणारा समोरासमोर बसत. आज अर्ज संगणकावर भरावा लागतो आणि मधे एक विक्रेता असतो.

आता मूळ विषयाकडे येतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये ‘प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ सुरू केली. देशातील 1 कोटी घरांवर सौर पॅनेल बसविणे हा तिचा संकल्प असून, 75,021 कोटी रुपयांची तरतूद आणि 2026-27 हे आर्थिक वर्ष अशी तिची मर्यादा ठरविण्यात आली. 1 किलोवॅटच्या संचास 30,000 रुपये, 2 किलोवॅटला 60,000 आणि 3 किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचास 78,000 रुपये, असे अनुदानाचे प्रमाण आहे. आपल्याकडील उन्हात 1 किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज देतो व त्यास सुमारे 100 चौरस फूट मोकळे, सावलीविरहित छप्पर लागते. ज्यांचा वापर महिन्याला 100 युनिटांच्या आत आहे, अशा घरांसाठी महाराष्ट्र शासनाने 2025 साली आपली वेगळी भर घातली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास 1 किलोवॅटच्या संचासाठी केंद्राचे 30,000 आणि राज्याचे 17,500 असे 47,500 रुपये मिळावेत, अशी ती रचना आहे. ह्या आकड्यांत खोट काढण्यासारखे काही नाही. आपल्याच जिल्ह्यात पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे छोटेसे गाव 2024 साली राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले, त्याचा अभिमान आपणा सर्वांस असावा.

परंतु ह्या सर्व अनुदानात बॅटरीस एक पैसाही नाही, ही गोष्ट कृपा करून ध्यानात घ्यावी. पॅनेल, ते बसविण्याचा सांगाडा, इन्व्हर्टर ह्यांचा जो संच होतो त्याच्या किलोवॅटवर अनुदान मोजले जाते. बॅटरी बसविण्यास मनाई नाही. तिची किंमत मात्र सर्वस्वी आपल्या खिशातून जाते. “सरकारी योजनेत बॅटरीही बसते,” असे कोणी दारात येऊन सांगू लागला, तर त्याच्याकडून ते कागदावर लिहून मागावे. बहुधा चहा घेऊन तो उठेल.

बॅटरीवाचून चालते कसे, असा प्रश्न येथे साहजिक आहे. ह्या योजनेतील नेहमीचा संच महावितरणच्या तारांना जोडलेला असतो. दुपारी घरात कोणी नसताना निर्माण झालेली वीज मीटरमधून बाहेर जाते आणि रात्री आपण तारेतून घेतो. पूर्वी सुगीचे जोंधळे पेवात टाकीत आणि लागेल तसे काढीत, तसा हा व्यवहार. येथे पेव महावितरणचे असते आणि हिशेब मीटर ठेवतो. बिल कमी होते, ते ह्या हिशेबाने. मात्र तारेतली वीज गेली की हा संच भर दुपारीही बंद पडतो. वीज गेल्यावर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छपरावरून उलट आलेली वीज बाधू नये, म्हणून तो तसाच बनविलेला असतो, आणि ते योग्यच आहे. आमचे एक बांधव छपरावर लखलखीत ऊन, खाली घरात पंखा बंद, अशा अवस्थेत घाम पुशीत आम्हांस म्हणाले, “आम्ही फसलो.” ते फसले नव्हते, त्यांचे बिल खरोखर उतरले होते. भारनियमनात दिवा मिळेल ही त्यांची अपेक्षा मात्र बिनबॅटरीच्या संचाकडून कधीच पुरी होण्यासारखी नव्हती.

तेव्हा प्रत्येक घराने प्रथम एवढे ठरवावे की, आपले दुःख बिलाचे आहे की अंधाराचे. बिलाचे असेल, तर अनुदानाचा साधा संच घ्यावा आणि बॅटरीच्या वाटेस जाऊ नये. अंधाराचे असेल, तर रात्रीची गरज कागद-पेन्सिल घेऊन मांडावी. नऊ वॅटचे चार दिवे पाच तास लावले तर 0.18 युनिट होते. पंचाहत्तर वॅटचे दोन जुने पंखे आठ तास चालले तर 1.2 युनिट जातात. मोबाईल व किरकोळ वापरास 0.1 धरू. बेरीज दीड युनिटाच्या घरात जाते. आता बाजारात मिळणारी बारा व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी कागदावर 1.8 युनिट देते खरी. पण ती रोज तळापर्यंत रिकामी केली तर लवकर मरते, म्हणून निम्मीच वापरावी लागते. म्हणजे हाती उरते 0.9 युनिट. ह्या बॅटरीवर वरील घर पहाटेपर्यंत टिकणार नाही. तेच दोन पंखे तीस वॅटचे, नव्या बीएलडीसी जातीचे घेतले, तर पंख्यांचा खर्च 0.48 युनिटावर येतो, एकूण गरज 0.76 होते आणि एकच बॅटरी पुरते. दुसरी बॅटरी घेण्यापेक्षा पंखे बदलणे कितीतरी स्वस्त पडते. हा हिशेब कोणी विक्रेता आपण होऊन सांगेल, अशी आमची अपेक्षा नाही.

बॅटरीस सरकारने कधी सवलत दिलीच नाही, असे मात्र नाही. 2010 साली जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर मिशन सुरू झाले. घरगुती सौर दिव्यांच्या संचास, त्यातील बॅटरीसकट, नाबार्डच्या मार्फत 30 टक्के अनुदान व 5 टक्के व्याजाचे कर्ज अशी सोय त्यात होती. वीज न पोचलेल्या वाड्यावस्त्यांवर असे संच लागले, मुले त्या दिव्याखाली अभ्यासास बसली. पुढे काय झाले, हे खेड्यांत फिरणाऱ्या कोणासही सांगता येईल. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य तीन ते पाच वर्षांचे. तिच्यात वेळच्या वेळी शुद्ध पाणी घालावे लागते, ते कोणी घातले नाही. पहिली बॅटरी सवलतीत आली होती. ती संपल्यावर दुसरीची पुरी किंमत काढण्याची वेळ आली, तेव्हा अनेक घरांत पॅनेल छपरावर राहिले आणि खालचा दिवा विझला. पॅनेल पंचवीस वर्षे टिकते. बॅटरी तिच्या मानाने अल्पायुषी, आणि ह्या दोहोंतले अंतर भरून काढण्याची तजवीज त्या योजनेत नव्हती.

परदेशी काय चालले आहे, हेही थोडे पाहू. ऑस्ट्रेलियात दर तीन घरांमागे जवळजवळ एका घरावर सौर पॅनेल आहे. तेथे दुपारी वीज इतकी होते की तिला गिऱ्हाईक नाही, आणि सायंकाळी तुटवडा. ह्यास्तव तेथील सरकारने 1 जुलै 2025 पासून घरगुती बॅटरीच्या किमतीवर सुमारे 30 टक्के सूट देणे सुरू केले. 5 ते 100 किलोवॅट-तास क्षमतेच्या बॅटऱ्या तीस पात्र असून, 2030 पर्यंत ही सूट टप्प्याटप्प्याने घटावयाची आहे. आपल्या देशानेही साठवणीकडे पाठ फिरविलेली नाही. सप्टेंबर 2023 मध्ये केंद्राने 4,000 मेगावॅट-तासांच्या मोठ्या बॅटरी-प्रकल्पांसाठी भांडवली खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत साहाय्य मंजूर केले. पण ते साहाय्य विजेच्या जाळ्यावरील मोठ्या प्रकल्पांस आहे. घरातल्या बॅटरीस नाही.

मग आपणही ऑस्ट्रेलियासारखी सूट मागावी काय? सरसकट मागणीस आमची संमती नाही. तशी सूट मिळाली तर तिचा पहिला लाभ शहरातल्या बंगल्यांस होईल, कारण पैसा आधी गुंतवून अनुदान मागाहून घेण्याची ऐपत त्यांचीच असते. जेथे वीज वारंवार जाते अशा गावांतील छोटे वापरकर्ते, घरी प्राणवायूचे यंत्र लावलेला रुग्ण, लाकडी घाण्याचे तेल पुन्हा मागणीत आल्यामुळे घरीच छोटा विजेचा घाणा चालविणारी आपली काही कुटुंबे, ह्यांच्यापुरती बॅटरीस मदत मिळावी आणि ती पहिल्या बॅटरीपेक्षा दुसऱ्या बॅटरीस अधिक मिळावी, असे निवेदन आपल्या मंडळाने द्यावे, हे आमचे मत आहे. लिथियमची बॅटरी महाग खरी, पण दहा वर्षांच्या आसपास टिकते व तिला पाणी घालावे लागत नाही. निवेदनात तिचाच आग्रह असावा.

शासन काही करील तोवर आपल्या हाती काही आहे की नाही? आहे, आणि ते वसतिगृहनिधीच्या हिशेबाइतकेच साधे आहे. ज्याने बॅटरी घेतली त्याने त्याच दिवसापासून महिन्याला 300 रुपये मंडळाकडे ठेव म्हणून टाकावेत. चार वर्षांत 14,400 रुपये होतात, आणि दुसरी बॅटरी दारात येते तेव्हा घरातील दागिना बाहेर काढावा लागत नाही. गेल्या पिढीने भिशी चालविल्या, त्यांस ही कल्पना समजावून द्यावी लागणार नाही.

आणखी एक अडचण आहे. ती योजनेत नाही, आपल्या घरांत आहे. अर्ज ज्याच्या नावे वीजजोडणी आहे त्यानेच करावयाचा असतो, आणि आमच्या पाहण्यात आलेल्या घरांपैकी कितीतरी घरांत मीटर अजून कैलासवासी आजोबांच्या नावे चालू आहे. तीन भाऊ, एक छप्पर, एक मीटर, आणि वाटणी झालेली नाही. थोरला म्हणतो पॅनेल लावू. धाकटा म्हणतो, माझ्या वाट्याच्या छपरावर नको. अशा घरी अनुदान कितीही वाढले तरी ते रस्त्यावरूनच परत जाते. बिलावरील नाव बदलण्याचा अर्ज महावितरणकडे आधी करावा, भावांची लेखी संमती घ्यावी, मग सौर योजनेचा अर्ज भरावा. विक्रेता योजनेच्या यादीत नोंदलेला आहे ना, पॅनेल भारतीय बनावटीचे आहे ना, हे पाहावे. कारण त्यावाचून अनुदान अडते. अनुदान संच बसून, तपासणी होऊन, नवा मीटर लागल्यावर अर्जदाराच्या बँकखात्यात जमा होते. ते विक्रेत्याच्या हाती देण्याचा करार कोणी पुढे केला, तर सही करू नये. तारणाशिवाय 2 लाखांपर्यंत कर्ज देण्याची सोय राष्ट्रीयीकृत बँकांत ह्या योजनेखाली आहे. सावकाराकडे जाण्याआधी तेथे चौकशी करावी.

उद्या सकाळी नऊ वाजता ह्याच मंडपात मंडळाचे तीन तरुण कार्यकर्ते अर्ज भरण्यास बसणार आहेत. ज्यांस इच्छा असेल त्यांनी अलीकडचे वीजबिल, आधारकार्ड, बँकेचे पासबुक आणि छपराचे एक छायाचित्र बरोबर आणावे. जोडणी आजोबांच्या नावे असेल, तर मृत्यूचा दाखलाही आणावा, आणि शक्य झाल्यास भावासही बरोबर आणावे.