भिंतीवरचा फोटो



मी भाषणबहाद्दर नाही. चार गोष्टी सांगतो आणि बसतो.

1966 साली अमेरिकेतल्या ऑकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली. तिच्या दहा कलमांतलं चौथं कलम घराचं होतं. तिच्यापासून नाव घेऊन 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. म्हणून त्यांच्या घरांचं पुढं काय झालं, हे आपण विचारलंच पाहिजे.

ऑकलंडवरून खाडी ओलांडली की मरीन सिटी. दुसऱ्या महायुद्धात जहाजं बांधणाऱ्या मजुरांसाठी 1942 साली उभारलेली वस्ती. युद्ध संपलं. गोरे मजूर दुसरीकडं घरं घेऊन गेले. काळ्यांना घर विकायचं नाही, असे करार. कर्ज द्यायचं नाही, असा शिरस्ता. काळे तिथंच अडकले. 1930 च्या दशकात सरकारी कर्जसंस्थेनं शहरांचे नकाशे रंगवले होते. काळ्यांची वस्ती लाल, म्हणजे इथं पैसा घालणं धोक्याचं. आपलं गावकूस दगडाचं, त्यांचं रंगाचं!

1968 च्या कायद्यानं घराच्या व्यवहारात वर्णभेद बेकायदा ठरवला. मग संपला? कुठला संपतोय!

2020 साली याच मरीन सिटीत एका काळ्या नवराबायकोनं कर्ज नव्यानं करून घ्यायचं ठरवलं. घराचं मूल्यांकन झालं. आकडा 9 लाख 95 हजार डॉलर. त्यांना शंका आली. दुसरं मूल्यांकन मागवलं. या वेळी घरच्यांचे फोटो उतरवले आणि गोऱ्या मैत्रिणीला मालकीण म्हणून उभं केलं. तिनं आपले फोटो लावले. तेच छप्पर, त्याच भिंती. आकडा 14 लाख 82 हजार 500!

नीट ओळखा, भावांनो. कुणी शिवी दिली नव्हती. कागदावर फक्त आकडा होता. आजूबाजूला विकलेल्या घरांशी तुलना करून किंमत काढतात. काळ्यांच्या घराला माप लावायचं ते काळ्या वस्तीचंच. म्हणजे जुना लाल रंग नव्या आकड्यात उतरतो. कमी किमतीला एक घर विकलं, की तेच शेजारच्या घराचं माप. आपल्याकडचा दलाल निदान तोंडानं आडनाव विचारतो. तिथं आकडाच बोलतो.

मग लढायचं कसं? ते जोडपं गप्प बसलं नाही. दोन्ही आकडे घेऊन कोर्टात गेलं. 2023 साली तडजोड झाली. पहिलं मूल्यांकन करणारीला घरांमधल्या वर्णभेदाचा इतिहास शिकायची अट घातली गेली.

तिथं कर्ज मागणाऱ्याला मूल्यांकनाची प्रत कायद्यानं मिळते. ती ओळीनं वाचायची. क्षेत्रफळ बरोबर आहे? तुलनेची घरं कुठून उचलली? जवळची, तशीच घरं का वगळली? मग फेरविचार मागायचा, तोही लेखी. सरकारी गृहनिर्माण खात्याकडं तक्रार एका वर्षात, कोर्टात दावा दोन वर्षांत. आकड्याशी आकड्यानंच भांडायचं.

आता शेवटचं. बँकेचा माणूस घर बघायला येणार म्हणून मीही एकदा बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत नेला होता. त्यानं काही विचारलं नव्हतं, बरं का. मीच आधी घाबरलो. त्या नवराबायकोनं फोटो उतरवले ते पुरावा गोळा करायला. मी उतरवला तो लपायला. हा फरक आहे, आणि तो मला आजही टोचतो.

तो फोटो आता दारासमोरच्या भिंतीवर आहे. किंमत काय करायची ती करा म्हणावं!

जय भीम.