नवव्या क्रमांकावरचा पालघरकर

शार्दूल ठाकूर म्हणजे गोलंदाज, हे खरंच; पण आज बोलू या त्याच्या बॅटीविषयी. पालघरचा हा मुलगा बोईसरच्या तारापूर विद्या मंदिरात शिकायचा. बोरिवलीच्या एका शाळेविरुद्ध त्याने 78 धावा केल्या, वर पाच बळी. मग त्या शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला आपल्याकडेच घेतलं, अगदी राहायलाही घरी! पुढे हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत एका षटकात सहा षटकार.

मुंबईकडून रणजी पदार्पण 2012 सालचं. शतकासाठी मात्र मार्च 2024 उजाडावं लागलं. तमिळनाडूविरुद्ध उपांत्य सामना, मुंबई 7 बाद 106. नवव्या क्रमांकावर येऊन पठ्ठ्याने 104 चेंडूंत 109 ठोकल्या. अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध 75, आणि मुंबईला 42वं विजेतेपद. माझ्या मते तो उपांत्य सामना त्या शतकानेच फिरला.

मैदानाबाहेरही हा गडी पालघरचाच. 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर तो अंधेरीहून लोकलने पालघरला निघाला. डब्यातली पोरं मोबाइलवर त्याचा फोटो शोधून चेहरा ताडून बघत होती. भारताचा खेळाडू लोकलमध्ये? पालघरकरांना त्यात नवल ते काय!