पगारपत्रकातील दोनशे रुपये
(नायगाव येथे पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



सार्वजनिक धोरण हा विषय घेऊन एम. ए. करणाऱ्या तुम्हांला मी एकच काम सांगणार आहे. घरी गेल्यावर वडिलांचे वा आईचे पगारपत्रक पाहा. नायगावहून रोज लोकलने मुंबईला जाणाऱ्या नोकरदाराच्या पगारातून महिन्याला साधारणतः २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. १९७५ साली हा कर बसला तो रोजगार हमी योजनेसाठी. वि. स. पागे यांची ती कल्पना. १९७२ च्या दुष्काळाने तिला बळ दिले आणि १९७७ मध्ये कायदा झाला. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत न दिल्यास बेकारभत्ता. किती? दिवसाला किमान एक रुपया! हक्क देतानाही हात आखडता घेणे सरकारला बरे जमते.

शहराने ग्रामीण मजुरीचा भार उचलावा, असा तो करार होता. आपल्याच जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याची कुटुंबे दिवाळीनंतर वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर येतात, तेव्हा तो कुठेतरी मोडलेला असतो. कुठे? कामे मंजूर नव्हती, मजुरी थकली, की अर्जच घेतला नाही?

मी वर्षानुवर्षे या कायद्यावर प्रश्नपत्रिका काढल्या. हजेरीपट मात्र निवृत्तीनंतर प्रथम हाती घेतला. त्याची मला लाज वाटते. प्रबंधाला आकडेवारी लागते, हे मान्य. पण ज्याचा अर्जच नोंदला गेला नाही, तो आकडेवारीत येणार कसा? म्हणून आधी भट्टीवर जा. गावी काम मागितले होते काय, पावती मिळाली होती काय, एवढे त्या माणसाला विचारा. संगणक नंतर उघडा.